वराहपालनाला अनुदान आहे, पण लस आणि डॉक्टर कुठे आहेत?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात अधूनमधून वराहपालनाचा लेख येतो. नोकरी सोडून गावाकडं आलेला पोरगा, पांढऱ्या डुकरांसोबत त्याचा फोटो, आणि खाली हिशोब की एक मादी वर्षातून दोनदा विते, एका वेताला दहा पिल्लं, म्हणजे वीस, गुणिले भाव, झाले इतके लाख. असा लेख आला की आमच्या भागातले दोन-चार पोरं हमखास माझ्याकडं येतात, काका आपणही टाकायचं का म्हणून. मी कोणाला नाही म्हणत नाही. धंदा चांगलाच आहे, माझ्या घरचा खर्च आणि लेकरांचं शिक्षण यावरच चालू आहे. पण त्या लेखात जे कधीच नसते त्यावरच हा धंदा उभा राहतो नाहीतर बसतो, म्हणजे मादी माजावर कधी आली, ती फळली का उलटली (म्हणजे न फळता पुन्हा माजावर आली), गाभ टिकला का, आणि व्याल्यावर पिल्लं पहिला आठवडा जगली का. हे पाहायला आज तालुक्यात कोणीच नाही, ना लस वेळेवर, ना डुकराचं जाणणारा डॉक्टर, ना चांगल्या नराचं वीर्य. त्यासाठीच हे पत्र लिहून राहिलो, थोडं लांबलं तरी छापा ही विनंती.

आधी त्या हिशोबाचंच घ्या. डुकरीण गाभण राहते 114 दिवस, म्हणजे तीन महिने तीन आठवडे तीन दिवस, हे जुन्या लोकांनाही पाठ असते. पिल्लं दीड महिना पाजली असं धरा, 45 दिवस. पिल्लं तोडल्यावर चार ते सात दिवसांत ती पुन्हा माजावर येते. एकूण झाले 166 दिवस, दोन वेतांचे 332. म्हणजे वर्षात जास्तीचे उरले फक्त 33 दिवस. आता एक माज हुकला की 21 दिवस गेले, कारण पुढचा माज 21 दिवसांनीच. दोन हुकले की 42 गेले, म्हणजे दुसरं वेत त्या वर्षात बसतच नाही, वीस पिल्लांचे दहा झाले. आणि रिकामी मादी उपाशी तर ठेवता येत नाही, रोजचा दोन-अडीच किलो खुराक ती खातेच, एका हुकलेल्या माजामागं चाळीस-पन्नास किलो खाद्य गेलं. बँकेच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये याची ओळसुद्धा नसते.

माज ओळखणं हे वाचून येत नाही, डुकरांत उभं राहूनच येते. सकाळी खुराक टाकायच्या आधी ऊन चढलेलं नसते तेव्हा पाहावं. मादी खायला धावत नाही, कान टवकारून गुरगुरते, दुसरीच्या अंगावर चढते. पांढऱ्या जातीत योनी सुजून लाल झालेली दिसते पण आपल्या काळ्या गावठी मादीत रंग कळत नाही, तिथं हातानंच पाहावं लागते. मग तिच्या कमरेवर दोन्ही तळहात ठेवून जोरात दाबायचं. माजावर नसली तर ओरडून पुढं पळते, आणि खरी माजावर असली तर खांबासारखी उभी राहते, तुम्ही वर बसलात तरी हलत नाही. नर जवळ असला, त्याचा वास येत असला तर हे अजून पक्कं कळते. असा उभा माज दोन-तीन दिवस टिकतो, पाठीत, म्हणजे अजून न व्यालेल्या तरुण मादीत, कमीही टिकतो, आणि बीज सुटते ते या काळाच्या शेवटाकडं. म्हणून दिसली की लगेच नर सोडला आणि झालं असं नाही, उभी राहायला लागल्यावर अर्धा-एक दिवस थांबून एकदा आणि मग बारा तासांनी पुन्हा, अशी दोनदा भरवली की पिल्लंही जास्त आणि फळण्याची खात्रीही जास्त. त्यानंतर अठराव्या दिवसापासून चोवीसाव्यापर्यंत रोज पुन्हा पाहायचं, उलटली तर तिथंच कळते. आणि पाठीला पहिल्याच माजावर भरवू नये, आठ महिने वय, शंभर किलोच्या वर वजन आणि दुसरा-तिसरा माज येऊ द्यावा, नाहीतर पहिल्या वेताला पाच पिल्लं देते आणि स्वतः खंगून जाते.

एक वही पाहिजे. मादीचा नंबर, माजाची तारीख, कोणता नर लावला, व्यायची तारीख, किती जन्मली, किती जगली. जास्त काही नाही. मी ज्या ज्या बुडालेल्या शेडवर गेलो तिथं वही नव्हती, आणि वही नसली की बाप कोण हेच कळत नाही, तोच नर स्वतःच्या पोरींवर चालू राहतो, मग पिल्लं कमी होतात, अंडवृद्धीची होतात, गुदद्वार नसलेली होतात, आणि लोक म्हणतात जागा लाभली नाही.

आता नराचा प्रश्न. दहा माद्यांमागं एक नर हे प्रमाण साधारण धरतात. ज्याच्याकडं तीन-चार माद्या आहेत तो नर कशाला पोसेल, तो उसना आणतो. या गावातून त्या गावात, छोट्या हत्तीत टाकून, एकच नर सगळ्या पंचक्रोशीत फिरतो. ब्रुसेलासारखा गर्भपाताचा रोग या मार्गानं सगळ्यात सहज पसरते, तो माणसालाही होतो, आणि डुकरांचा ताप असो की खरूज असो, सगळं त्याच गाडीतून येते. गायी-म्हशींसाठी गावागावात कृत्रिम रेतन पोचलं, नायट्रोजनचा कॅन घेऊन माणूस मोटरसायकलवर दारात येतो. डुकराचं वीर्य मात्र तसं गोठवून ठेवलं की फार काही हाती लागत नाही, ते थंडीला नाजूक असते, म्हणून ते पातळ करून 16 ते 18 डिग्रीवर ठेवतात आणि दोन-तीन दिवसांत वापरतात. गुवाहाटीजवळ राणी इथं डुकरांची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, ईशान्येत या पद्धतीचं काम झालेलं आहे, म्हणजे तंत्र आपल्याच देशात आहे. नागपूरला पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, अकोल्याला पशुवैद्यक संस्था आहे. नागपुरातून सकाळी निघालेला डबा भंडारा, गोंदिया, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोलीपर्यंत एसटीच्या पार्सलनं त्याच दिवशी पोचू शकते, फक्त मे महिन्यात तो डबा थंड ठेवायची सोय पाहिजे. चांगले दहा-बारा नर, एक छोटी लॅब आणि तालुक्याला एक-दोन शिकलेले पोरं, यापेक्षा जास्त काय लागते? हे झालं तर उसना नर फिरवणं आपोआप बंद होईल.

साहेब, आमच्या उन्हाळ्याबद्दल वेगळं लिहावंच लागते कारण यावरची जी पुस्तकं-पत्रकं मिळतात ती थंड भागातली असतात. डुकराला माणसासारखा घाम येत नाही. व्यालेल्या मादीला 18 ते 22 डिग्री बरं वाटते आणि आमच्याकडं नवतपात पारा 45 च्या वर जातो. तिच्या अंगात चरबी, वरून टिनाचं छप्पर, ती दमते, धापा टाकते, खाणं सोडते आणि दूध आटते. नुकती फळलेली असली तर पहिल्या महिन्यातच गर्भ जिरून जातात, बाहेर काही पडत नाही म्हणून मालकाला वाटते की फळलीच नव्हती. नराचं तर आणखी वाईट, त्याला आठ दिवस कडक ऊन लागलं की वीर्य बिघडते आणि ते सुधारायला दीड महिना जातो, म्हणजे मे मधल्या उन्हाची शिक्षा जुलैपर्यंत चालते. जूनमध्ये पाऊस आला, गारवा झाला, तरी माद्या का उलटून राहिल्या असं लोक विचारतात, त्याचं कारण हे आहे.

यावर उपाय महाग नाहीत. टिनावर पऱ्हाटीचा किंवा तुराटीचा जाड थर टाका, चुना मारा. आमच्याकडं कोणाच्याही वावरात ठिबकची जुनी नळी पडलेली असते, ती मादीच्या मानेच्या वर बांधून थेंब थेंब पाणी खांद्यावर पडू द्या, पिल्लांच्या बाजूला ओल जाऊ देऊ नका. प्यायच्या पाण्याची पाइपलाइन जमिनीवरून नेली असेल तर मे महिन्यात त्यातून हात भाजेल असं पाणी येते, मादी तोंड लावून मागं सरते, आणि पाजणाऱ्या मादीला तर दिवसाला वीस-तीस लिटर पाणी लागते. नळी हातभर खोल पुरा, टाकीवर बारदान टाकून ओलं ठेवा. खुराक पहाटे आणि रात्री द्या, दुपारी नको. नराला सगळ्यात गार कोपरा द्या.

पाण्यावरून आणखी एक गोष्ट सांगतो. हॉटेलचं उरलेलं अन्न खारट असते, आणि नेमकं लोडशेडिंगमध्ये मोटर बंद, टाकी रिकामी. असं एक-दीड दिवस गेलं की डुकरं डोकं भिंतीला लावून उभी राहतात, कुत्र्यासारखी मागच्या पायावर बसतात, झटके देतात. लोक म्हणतात विषबाधा केली कोणीतरी, गावात भांडण लागते. तो मिठाचा प्रकार असतो, पाणी न मिळाल्याचा. अशा वेळी पाणी एकदम भरपूर देऊ नये, थोडं थोडं द्यावं, आणि डॉक्टरला बोलवावं.

खाद्याबाबत तर आमच्या कापसाच्या पट्ट्यात मोठा धोका घरातच ठेवलेला असते, तो म्हणजे सरकी ढेप. गायी-म्हशींना चालते म्हणून लोक डुकरांनाही टाकतात, स्वस्त आणि गावातच मिळते. तिच्यात गॉसिपॉल नावाचं द्रव्य असते, रवंथ करणारी जनावरं ते बऱ्यापैकी पचवतात, डुकराला ते जमत नाही. हळूहळू हृदय आणि फुफ्फुस बिघडते, धाप लागते, आणि एक दिवस चांगलं दिसणारं डुक्कर मरून पडते. नराच्या बिजावरही त्याचा वाईट परिणाम होतो. म्हणून पैदाशीच्या जनावराला ढेप नकोच. कच्चं सोयाबीनही नको, भाजून किंवा शिजवूनच, नाहीतर त्यातली प्रथिनं अंगी लागत नाहीत. आणि बुरशी लागलेला मका, जो व्यापारी घेत नाही म्हणून डुकरांना टाकला जातो, त्या बुरशीच्या विषानं चार महिन्यांच्या पाठींची योनी सुजते, मालकाला वाटते माजावर आली, माद्या उगाच उलटत राहतात. भिजलेला माल डुकराला चालते ही समजूत सोडली पाहिजे. भंडारा-गोंदियाकडं तांदळाची कणी आणि कोंडा मिळतो, आमच्याकडं तुरीची चुनी, ज्वारी, सोयाबीनची पेंड, त्यात खनिज मिश्रण टाकून चांगला खुराक घरीच बनते. गाभणपणी दोन-अडीच किलो पुरे, लठ्ठ करू नये, आणि व्याल्यावर मात्र हात आखडू नये, दहा पिल्लं पाजणारीला पाच-सहा किलो लागते. आमच्याकडं उलटं चालते, गाभण आहे म्हणून लाड आणि व्याल्यावर दुर्लक्ष.

आता बाळंतपणाची रात्र. मादी दिवसभर तोंडानं तणस गोळा करते, ऊठबस करते, सडातून दूध येऊ लागलं की बारा ते चोवीस तासांत विते, आणि बहुतेक वेळा रात्रीच. हिवाळ्यात आमच्याकडं पारा दहाच्या खाली येतो, आणि पिल्लू बाहेर येते ते ओलं, अंगावर चरबी नाही, एक-सव्वा किलोचं. त्याला पहिल्या दिवसांत 32 ते 35 डिग्री ऊब पाहिजे आणि आईला गारवा, म्हणजे एकाच खोलीत दोन हवामान ठेवायचे आहेत. कोपऱ्यात लाकडी पेटी, वर बल्ब, खाली कोरडं तणस. पिल्लू आलं की आधी नाकातोंडावरचा पडदा पुसायचा, कधी पूर्ण पिशवीतच येते, तिथं हात नसला तर श्वास न घेताच जाते. कोरड्या फडक्यानं चोळायचं, नाळ चार बोटं ठेवून बांधून कापायची, आयोडीन लावायचं, आणि लगेच सडाला. चीक पहिल्या सहा तासांत पोटात गेला पाहिजे, दिवस उलटला की आतडी तो शोषून घेणं बंद करते, आणि डुकराच्या पिल्लाला रोगाशी लढायची ताकद आईच्या पोटातून मिळालेली नसते, सगळी या चिकातूनच मिळते. अशक्त पिल्लू पुढच्या सडांना लावावं, तिथं दूध जास्त. दोन पिल्लांत पंधरा-वीस मिनिटं साधारण. अर्धा-पाऊण तास गेला आणि मादी कळा देऊन राहिली पण काही येत नाही, तर पिल्लू अडलं आहे.

आणि इथंच सगळ्यात जास्त नुकसान होते. रात्री दोन वाजता डॉक्टर कुठून येणार? मग गावातला कोणी इंजेक्शनवाला येतो आणि कळा वाढवणारं ऑक्सिटोसिन ठोकतो. पिल्लू आडवं अडलेलं असताना ते इंजेक्शन दिलं की गर्भाशय फाटू शकते, मादी आणि पिल्लं दोन्ही जातात. आधी हात साबणानं धुऊन, तेल लावून, आत तपासून अडलेलं पिल्लू काढायचं असते, हे शिकवणारं कोणी पाहिजे. माझ्या ओळखीच्या एका वराहपालकानं अशाच वेळी ज्याला फोन केला त्याचं उत्तर होतं, आम्ही डुकराचं पाहत नाही. मादी सकाळपर्यंत गेली. मला त्या माणसावर राग काढायचा नाही. त्याला शिक्षणात डुक्कर कदाचित एखाद्या तासाला शिकवलं असेल, हातानं कधी बाळंतपण केलेलं नसेल, आणि समाजात या जनावराची जी घाण वाटते ती त्यालाही वाटत असेल. पण त्याच्या दवाखान्याच्या फाटकावर पशुवैद्यकीय लिहिलेलं आहे, आणि डुक्कर हा पशूच आहे.

तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन, 200 मिलिग्रॅम. पिल्लू जन्मते तेव्हा अंगात लोह फार थोडं असते आणि आईच्या दुधात तर नावालाच. मातीत लोळणाऱ्या पिल्लाला ते मातीतून मिळायचं, आता काँक्रीटवर कुठून मिळेल? पंधरा दिवसांची पिल्लं पांढरीफटक, केस उभे, हगवण, धाप, आणि एकेक करून मरतात, हे सगळं काही रुपयांच्या इंजेक्शनानं थांबते. भिंतीपासून वीतभर आत आणि जमिनीपासून वीतभर उंच लोखंडी पाइप लावला की आई बसताना पिल्लू मागं दबत नाही, हाही खर्च एकदाच.

रोगांचं बोलायचं तर आधी लस. डुकरांचा ताप म्हणजे स्वाइन फीवर, कान आणि पोट जांभळं पडते, ताप, मादी गाभ टाकते, शेडच्या शेड साफ होते. यावर आपल्या देशात वर्षानुवर्षे लस आहे, केंद्र सरकारचा नियंत्रण कार्यक्रमही आहे. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास पहिली आणि मग दरवर्षी एकदा. पण ती छोट्या माणसापर्यंत पोचत नाही कारण एका बाटलीत बऱ्याच डुकरांचे डोस असतात, बाटली फोडली की काही तासांत संपवावी लागते, आणि ज्याच्याकडं सहा पिल्लं आहेत त्याच्यासाठी कोणी बाटली फोडत नाही. यावर साधा मार्ग आहे, तालुक्यात दिवस ठरवा, गावांचा क्रम लावा, एकाच दिवशी सगळ्यांना टोचा. लाळ्या-खुरकूताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात 2019 पासून डुकरंही आहेत, पण लसीची गाडी गायीच्या गोठ्यापाशी थांबते, डुकराच्या शेडपर्यंत येत नाही.

दुसरा आफ्रिकन स्वाइन फीवर. हा वेगळा विषाणू, 2018 मध्ये चीनमध्ये आला, 2020 मध्ये आसाम आणि अरुणाचलमार्गे आपल्याकडं. लक्षणं पहिल्यासारखीच दिसतात, डोळ्यानं फरक कळत नाही, प्रयोगशाळेतच कळते, आणि ती देशातली मोठी प्रयोगशाळा भोपाळला आहे. यावर आपल्याकडं टोचायला लस नाही. माणसाला तो होत नाही हे ठळक छापा साहेब, कारण अफवा पसरली की निरोगी डुकराचाही भाव पडतो. तो येतो तो बाहेरून आणलेल्या पिल्लातून, गाडीच्या चाकाला लागून, मांस आणि हॉटेलच्या खरकट्यातून, कारण मांसात तो फार काळ टिकतो. खरकटं द्यायचंच असेल तर ढवळत ढवळत तासभर चांगलं उकळून द्या. बाहेरून आणलेलं जनावर महिनाभर वेगळ्या जागी ठेवा, त्याच्यासाठी बूट आणि बादली वेगळी. आणि आमच्याकडं रानडुकरांचा त्रास किती आहे हे शेतकऱ्याला सांगायची गरज नाही, ती रात्री शेडच्या कुंपणापर्यंत येतात, खरकटं खातात, कधी मोकळ्या मादीवरही चढतात. म्हणून कुंपण दुहेरी पाहिजे आणि मेलेलं जनावर नाल्यात फेकणं बंद झालं पाहिजे, चुना टाकून खोल पुरा.

पण लोक मेलेलं जनावर लपवतात आणि आजारी असलेलं स्वस्तात विकून टाकतात, आणि रोग पसरते तो तसाच. 2009 चा संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायदा म्हणतो की कळवलं पाहिजे. बरोबर आहे, पण कळवल्यावर शेड रिकामी करतील, आणि भरपाई कधी मिळेल हे कोणी सांगत नाही, मग गरीब माणूस का कळवेल? ज्याची चार डुकरं हीच ठेव आहे त्याला आधी हे सांगा की किती दिवसांत पैसे खात्यात येतील. मग पाहा लोक स्वतः फोन करतात की नाही.

माणसाच्या आरोग्याचीही एक बाजू आहे. मोकाट डुक्कर उघड्यावरची घाण खाते, त्यातून फितकृमीची अंडी पोटात जातात, अर्धवट शिजलेल्या मांसातून तो कृमी माणसात येतो, आणि त्या माणसाच्या विष्ठेतली अंडी हातातोंडातून पोटात गेली तर गाठी मेंदूपर्यंत जाऊन झटके येतात. धानाच्या पट्ट्यात डास आणि बगळ्यांमुळं जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकरांत वाढतो आणि डासांमार्फत माणसाला होऊ शकतो. दोन्हीवर उत्तर एकच, डुकरं बंदिस्त, घरांपासून लांब, सांडपाण्याचं डबकं नाही. म्हणजे जो शेड बांधून नीट वराहपालन करतो तो गावाचं आरोग्य बिघडवत नाही, सुधारतो. तरी त्यालाच ग्रामपंचायतीचा दाखला मिळायला सगळ्यात जास्त चकरा माराव्या लागतात. पिढ्यान्‌पिढ्या हे जनावर पाळणाऱ्या समाजांनी तर ही हेटाळणी कायमच सोसली, आणि माजाचं, विण्याचं खरं ज्ञान त्यांच्याकडंच आहे. प्रशिक्षणं घेता तर त्यांच्या बायामाणसांना मानधन देऊन शिकवायला बोलवा, कारण शेडमधलं अर्ध्याहून जास्त काम त्याच करतात.

सरकार काही करत नाही असं मी म्हणत नाही. राष्ट्रीय पशुधन अभियानात 100 माद्या आणि 10 नरांच्या युनिटला 50 टक्के, जास्तीत जास्त 30 लाख अनुदान आहे. 2025 मध्ये राज्यानं पशुपालनाला शेतीसमान दर्जा द्यायचा निर्णयही घेतला. पण त्याआधीच, 2019 च्या पशुगणनेत, देशातली डुकरं सात वर्षांत 12 टक्क्यांनी घटून 90 लाखांवर आलेली दिसली. शंभर माद्यांचं शेड टाकणारा मोठा माणूस खाजगी डॉक्टर ठेवेल. प्रश्न पाच माद्यांवाल्याचा आहे, त्याला तीस लाख नको, त्याला लसीचा दिवस, वीर्याचा डबा, आणि रात्री दोन वाजता फोन उचलणारा माणूस पाहिजे. 1962 वर फोन केला तर फिरतं पथक येते असं सांगतात, त्या पथकातल्या डॉक्टरांना आणि पशुधन पर्यवेक्षकांना विद्यापीठात पंधरा दिवस फक्त डुकरांवर काम करायला लावा, माज तपासणं, अडलेलं पिल्लू काढणं, लोहाचं इंजेक्शन, गर्भपात झाला तर नमुना कसा घ्यायचा आणि कुठं पाठवायचा एवढं.

आपल्या पेपरच्या जिल्हा प्रतिनिधींना एक विनंती आहे. पशुसंवर्धन खात्याला विचारा की या वर्षी कोणत्या तालुक्यात स्वाइन फीवरची लस कोणत्या तारखेला देणार, आणि ते वेळापत्रक पावसाळा लागायच्या आधी छापा. तारीख कळली तर आजूबाजूच्या गावातली डुकरं एका जागी टोचायची व्यवस्था आम्ही वराहपालक स्वतः करू, बर्फाचा डबासुद्धा आम्हीच आणू.

आपला,
एक वराहपालक,
ता. हिंगणघाट, जि. वर्धा